कॉलर धरणं सोपं, व्हाउचर मागणं अवघड

पत्र:

प्रभूमध्ये सलाम. मी छत्तीस वर्षांचा आहे, साखर कारखान्यात क्लार्क आहे. तालुक्याच्या गावातल्या आमच्या मंडळीच्या कमिटीवर दोन वर्षांपासून काम करतो. गेल्या पावसाळ्याआधी चर्चचं छप्पर बदललं. वार्षिक हिशेब समोर आला तेव्हा बिलात ९० पत्रे दिसले. मी छपरावरचे मोजले, ते ६४ भरले. बैठकीत खजिनदारांनी हिशेब वाचला, सगळ्यांनी माना डोलावल्या, सह्या झाल्या. मीही सही केली. विचारायचं ठरवून गेलो होतो, पण ऐन वेळी आवाजच फुटला नाही. घरी सांगितलं तर मेव्हणा म्हणाला, "बांगड्या भर." रविवारी उपासना सुटल्यावर चार पोरं घेऊन खजिनदारांची कॉलर धरायची त्याची तयारी आहे. वडील फौजेतून निवृत्त झालेले. ते काही बोलत नाहीत, पण जेवताना माझ्याकडे बघतही नाहीत. बायको म्हणते, गप्प बसा, मुलीचं दृढीकरण (चर्चची पूर्ण सभासद होण्याचा विधी) इथंच व्हायचंय, आपल्याला याच लोकांत राहायचंय. "मर्दासारखे वागा" असं शास्त्रच सांगतं. मी भेकड आहे का? आता काय करू?

– एक वाचक

उत्तर:

प्रिय बंधू, सलाम.

तुम्ही भेकड नाही. तुम्ही घाबरलात, गप्प राहिलात आणि सही केलीत. यातली भीती हे पाप नाही. सही ही चूक आहे, पण ती दुरुस्त करता येते आणि याच आठवड्यात करायची आहे. ती कशी, ते पुढे सांगतो. आधी मेव्हण्यांबद्दल बोलू, कारण रविवार जवळ आलाय.

गेथशेमाने बागेत येशूला धरायला मशाली आणि हत्यारं घेऊन माणसं आली, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र यानं तलवार उपसली आणि प्रमुख याजकाच्या दासाचा कान छाटला. योहान त्या दासाचं नावही देतो: मल्ख (योहान १८:१०). मेव्हण्यांच्या मापानं पाहिलं तर पेत्र त्या रात्रीचा मर्द गडी. पण त्याच रात्री काही वेळानं, प्रमुख याजकाच्या अंगणात, दारावरच्या एका दासीनं "तूही त्यांच्यातलाच ना?" एवढंच विचारलं आणि त्यानं झटकन नाही म्हटलं. बागेत गुरू शेजारी होता, सोबती पाठीशी होते आणि हात आपोआप उठला. अंगणात तो एकटा होता. थंडी होती, त्या लोकांनी कोळशाचा विस्तव केला होता आणि त्याला त्यांच्यातच उभं राहून शेकायचं होतं. ज्यांच्यात उभं राहायचंय त्यांच्यासमोर खरं बोलणं तलवारीपेक्षा जड असतं. तुमच्या कमिटीची बैठक म्हणजे ते अंगण आहे. तिथं तुम्हाला शब्बाथ शाळेत शिकवलेले, तुमच्या घरच्या मयताला खांदा दिलेले लोक बसलेले असतात. तुमचा आवाज तिथं फुटला नाही, यात नवल काही नाही.

मेव्हण्यांच्या बेतात त्यांना स्वतःला काहीच गमवावं लागत नाही, उलट दोन दिवस वाहवा मिळते. किंमत चर्चला मोजावी लागते. कॉलर धरली की सोमवारी पोलीस ठाण्यात तक्रार तुमच्यावर होईल. पत्र्यांचा विषय तिथंच संपेल आणि वर्षभर गावात "चर्चमधली मारामारी" एवढाच विषय उरेल. खजिनदारांकडे दाखवायला व्हाउचर नसेल, तर त्यांना याहून सोयीचं काही घडूच शकत नाही. म्हणून मेव्हण्यांना आजच सांगा: "हे प्रकरण मी हातात घेतलंय. तू हात लावलास तर माझा पुरावा वाया जाईल." त्यांना काहीतरी करायचंच असेल तर त्या पत्रेवाल्याकडे जाऊन एका पत्र्याची लांबी-रुंदी आणि दर विचारून यावं. गोड बोलून, गिऱ्हाईक म्हणून.

आता "मर्दासारखे वागा". हे वचन १ करिंथ १६:१३ मध्ये आहे आणि लोक ते तिथंच तोडतात. लगेच पुढच्या ओळीत पौल म्हणतो की जे काही करता ते सर्व प्रीतीनं करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो अध्याय सुरूच होतो पैशाच्या हिशेबानं. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी कशी जमवायची, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापला वाटा कसा बाजूला ठेवायचा आणि ती रक्कम कोणी न्यायची, हे पौल आधी ठरवतो. नेणारी माणसं मंडळीनं पारखून निवडायची असतात. पुढच्या पत्रात तो कारणही देतो: या रकमेच्या बाबतीत कोणी आम्हाला दोष देऊ नये म्हणून ही खबरदारी, आणि जे देवाच्या दृष्टीनं चांगलं तेच माणसांच्या दृष्टीनंही चांगलं दिसावं (२ करिंथ ८:२०-२१). एवढा मोठा प्रेषित, पण पैसा एकट्यानं हाताळायला तयार नव्हता. तेव्हा कमिटीत कोणी म्हणालं की "हिशेब मागता म्हणजे विश्वास नाही का?", तर १ करिंथ १६ हाच अध्याय उघडून दाखवा. मर्दपणाचं वचन आणि वर्गणीचा हिशेब एकाच पानावर आहेत.

धैर्याचं मुख्य काम हल्ला चढवणं नसून धोका समोर असताना टिकून उभं राहणं आहे, असं तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी मांडलं. त्याचा नमुना त्याच अंगणाच्या आत, याजक हन्नापुढच्या चौकशीत दिसतो. शिपायानं येशूच्या तोंडात मारली. येशूनं उलटा हात उगारला नाही आणि तो गप्पही बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरं बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्यानं विचारलं (योहान १८:२३). आवाज न चढवता पुरावा मागणारा प्रश्न. तुम्हाला बैठकीत नेमकं हेच करायचंय.

पण त्याआधी स्वतःलाच एक अप्रिय प्रश्न विचारा: माझ्या हातात काय आहे, चोरी की शंका? सध्या फक्त शंका आहे. दुपाखी छपराच्या प्रत्येक पाखीवर सोळा ओळी, ओळीत वरखाली दोन पत्रे, असे ६४ तुम्ही मोजलेत. उरलेल्या २६ पत्र्यांची सरळ कारणं असू शकतात. पाळकसाहेबांच्या घराची पडवी त्याच वेळी शाकारली असेल. काही पत्रे गोदामात उभे असतील. काही परत गेले असतील आणि त्याची जमा वेगळ्या पावतीवर असेल. कधी दुकानदार पत्रा नगावर न विकता रनिंग फुटावर किंवा चौरस फुटावर विकतो आणि हिशेब उतरवणारा एककाची गल्लत करतो. तेव्हा एका दुपारी आवारात फिरा, पडवी, स्वयंपाकघर, संडास, शाळेचा व्हरांडा सगळं बघा. दोन्ही पाख्यांचे फोटो काढा. तारीख, मोजणी आणि पत्र्याची लांबी वहीत लिहा. निम्मी भीती अशा वहीनं जाते, कारण मग तुम्हाला खजिनदारांच्या चारित्र्याबद्दल बोलावं लागत नाही, २६ पत्र्यांबद्दल बोलावं लागतं.

सहीचं असं करा. हजेरीची सही आणि हिशेब मंजुरीची सही या वेगळ्या असतात. तुमची कोणती, ते इतिवृत्ताच्या वहीत बघा. मंजुरीची असेल तर सचिवांना चार ओळींचं पत्र द्या: "अमुक तारखेच्या बैठकीत वार्षिक हिशेबावर मी सही केली. छप्पर दुरुस्तीची मूळ बिलं आणि व्हाउचर मी पाहिली नव्हती. पाहिल्याशिवाय सही करणं चूक होतं. ती कागदपत्रं पाहायला मिळावीत आणि हे पत्र पुढच्या बैठकीत वाचलं जावं, ही विनंती." दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. यात कोणावरही आरोप नाही, फक्त स्वतःच्या चुकीची कबुली आहे, म्हणून कोणी तुमच्यावर उलटूही शकत नाही. अनेक पुरुषांना शत्रूशी भांडणं जमतं, पण "मी न बघता सही केली" हे कागदावर लिहिणं जमत नाही.

त्यानंतर मत्तय १८:१५-१७ चा क्रम: आधी एकट्यानं, मग दोघा-तिघांसोबत, मग मंडळीपुढं. तो तुम्ही लहानपणापासून ऐकलाय. तो बहुतेक वेळा फसतो तो अंमलबजावणीत.

आधी एकट्यानं भेटायचं. त्यांच्या घरी नको, तिथं बायको-मुलांसमोर त्यांना मान राखायला चढावंच लागतं. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोरही नको. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी चर्चच्या ऑफिसात किंवा आवारात भेटा. वयानं मोठे असतील तर नेहमी जे म्हणता तेच म्हणा, काका किंवा साहेब. प्रश्न एकच: "काका, छपराच्या बिलात ९० पत्रे आहेत, मला वर ६४ दिसतात. बाकीचे कुठं लागले, ते मला दाखवाल का?" मग गप्प राहा. बहुतेक माणसं इथं घाबरून स्वतःच पुढचं बोलून टाकतात, "म्हणजे माझा संशय नाही हो, सहज विचारलं." हे वाक्य बोलू नका. ते खोटं आहे आणि त्यानं प्रश्नच मागं घेतला जातो. उत्तर लगेच मिळालं नाही तर पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि ती ठरलेल्या तारखेनं द्या, "बघा सवडीनं" असं नको.

ते कबूल झाले तर? मग दया दाखवा, पण दोघांतच मिटवू नका. पैसा तुमचा नाही, म्हणून माफ करायचा अधिकारही तुमचा एकट्याचा नाही. नियमशास्त्र सांगतं की घेतलेलं पूर्ण परत करावं आणि त्यावर पाचवा हिस्सा द्यावा (लेवीय ६:५). जकातदार जक्कय तर चौपट द्यायला उभा राहिला (लूक १९:८). रक्कम बँकेत मंडळीच्या खात्यावर, पावतीसह, कमिटीच्या माहितीनं परत यावी. कमिटीपुढं स्वतः सांगायची संधी त्यांना द्या, हवं तर शेजारी बसा.

टाळाटाळ झाली तर दोघा-तिघांना सोबत घ्यायचं. मेव्हण्यांना नको, वडिलांना नको, खजिनदारांशी आधीच वाकडं असलेल्यांना तर मुळीच नको. बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेलं कोणी बघा. महिला मंडळाचा हिशेब पै-पैनं ठेवणाऱ्या एखाद्या बाई बहुतेक मंडळ्यांत असतात, त्यांना विचारा. येशूच्या वधस्तंभापाशी बायका थांबल्या होत्या ते आठवा, म्हणजे धैर्य शोधताना पुरुषांच्याच बाकाकडे बघायची सवय सुटेल. वडीलजनांवरचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय दाखल करून घेऊ नये, असं तीमथ्याला सांगितलंय (१ तीमथ्य ५:१९). हा नियम आरोपीला जपतो आणि विचारणाऱ्यालाही. पण पुढचीच ओळ सांगते की पाप करत राहणाऱ्यांचा सर्वांसमोर निषेध कर. दुसरी ओळ सोडून फक्त पहिली ऐकवणारे भेटतील.

तिसरी पायरी बैठक. विषय लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा आणि वरच्या दोनांत घ्यायला लावा. "आयत्या वेळचे विषय" येईपर्यंत लोक चहासाठी उठलेले असतात, आणि तोवर वाट बघण्यात तुमचाही धीर संपतो. बोलायचं ते पाच-सहा वाक्यांत लिहून न्या. हात थरथरतात तेव्हा सुटा कागद फडफडतो आणि ते ऐकून माणूस आणखी बावरतो, म्हणून कागद पॅडला लावा. आदल्या दिवशी बायकोसमोर तीनदा मोठ्यानं वाचा. बसून वाचलंत तरी चालेल. आवाज कापला तर कापू द्या, वाचून संपवा. मागच्या वेळचं मौन पहिल्याच वाक्यात संपवा: "मागच्या बैठकीत मी हे विचारायला हवं होतं." उत्तर समाधानकारक नसेल तर तुमची हरकत इतिवृत्तात नोंदवायला सांगा, आणि ती नोंदली गेली की नाही हे वही पाहून खात्री करा.

या काळात काही गोष्टी कटाक्षानं टाळा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर नको. आरोप सिद्ध झाला नाही तर तो बदनामीचा मामला होतो. भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ त्यासाठीच आहे. निनावी पत्र नको. त्यानं दहा निरपराध माणसांवर संशय जातो आणि लिहिणारा मात्र सुरक्षित राहतो, ही भेकडपणाची खरी जागा. कमिटीचा राजीनामाही आत्ता नको, तो बाणेदार दिसतो आणि वहीपर्यंत पोहोचण्याचा तुमचा हक्क घालवतो. दशांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) बंद करून दबाव आणू नका. चेकनं किंवा थेट खात्यावर द्या, पावती घ्या.

मंडळीत दाद लागली नाही तर वरच्या चर्च मंडळाकडे किंवा बिशपांकडे लेखी जा, आणि त्यानंतर कायदा आहे. तुमच्या चर्चची मिळकत कोणत्या ट्रस्टच्या नावावर आहे ते शोधा. अनेकदा स्थानिक मंडळीचं नाव तिथं नसतं. तो ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल तर त्याला दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं, आणि अनियमित खर्च अहवालात दाखवणं हे लेखापरीक्षकाचं कामच आहे. धर्मादाय आयुक्तांना कलम ३७ खाली हिशेब आणि मिळकत तपासण्याचा, कलम ४१अ खाली विश्वस्तांना निर्देश देण्याचा अधिकार आहे. "भावानं भावाला कोर्टात खेचू नये" हे १ करिंथ ६ मधलं वचन तेव्हा तुमच्या तोंडावर फेकलं जाईल. तिथं पौल आपापसातल्या वैयक्तिक दाव्यांबद्दल बोलतोय आणि स्वतःचं नुकसान सोसा म्हणतोय. विधवांच्या दहा-दहा रुपयांतून जमलेल्या दानाचं नुकसान सोसायचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नाही. पौलानं स्वतः फिलिप्पैत बेकायदा फटके खाल्ल्यावर गुपचूप निघून जायला नकार दिला आणि अधिकाऱ्यांनाच यायला लावलं (प्रेषितांची कृत्ये १६:३७).

इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथंच सांगायला हवी. "आधी एकट्यानं भेटा" हा क्रम पैशाच्या शंकेला लागू आहे. मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं तर एकट्यानं भेटायचं नाही, कमिटीची वाट बघायची नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार थेट पोलिसांना कळवायचं. मंडळीची अब्रू सांभाळण्यासाठी तिथं मत्तय १८ वापरणं हा त्या मुलावरचा दुसरा अन्याय आहे.

पत्नीचं भय भेकडपणा समजू नका. किंमत घरात तिलाही मोजावी लागणार आहे, म्हणून तिला हिशेबात घ्या. सगळ्यात वाईट काय होऊ शकतं ते दोघं कागदावर लिहा: कोण बोलायचं बंद होईल, दृढीकरणाच्या वेळी कोण नाक मुरडेल. यादी वाचलीत की कळेल की त्रास खरा आहे, पण सोसण्याजोगा आहे. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावच्या फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्यानं हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला. गावातले पुरुष युद्धावर जात होते आणि शौर्य त्यालाच म्हणत होते. घरच्या मुलींचा विचार कर, असं त्याला पाळकांनीही सुचवलं. पत्नी फ्रान्झिस्कानं आधी त्याचं मन वळवायचा प्रयत्न केला आणि मग ती त्याच्या बाजूनं उभी राहिली. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. कॅथलिक चर्चनं त्याला २००७ मध्ये धन्य घोषित केलं. तुमच्याकडून कोणी जीव मागत नाहीये, तेव्हा तुलना तिथवर ताणू नका. घेण्याजोगं एवढंच की पत्नीला बाजूला सारून त्यानं काही केलं नाही.

वडिलांशी बोला. फौजेत त्यांनी जे दाखवलं ते खरं शौर्य होतं, त्याला कमी लेखू नका. पण तिथं हुकूम असायचा, पलटण सोबत असायची आणि शत्रू अनोळखी असायचा. तुम्हाला हुकूम देणारं कोणी नाही आणि समोर सगळे ओळखीचे. हे त्यांना असंच सांगा, वही दाखवा, आणि "त्या काकांना भेटायला जाण्याआधी माझ्यासाठी प्रार्थना करा" अशी विनंती करा. गेथशेमानेत येशू स्वतः व्याकूळ झाला होता आणि तो तिघांना म्हणाला, इथं थांबा आणि जागे राहा (मार्क १४:३४). भीती सांगून सोबत मागणं त्याला कमीपणाचं वाटलं नाही.

आणि उरलेले २६ पत्रे खरोखरच पाळकसाहेबांच्या पडवीवर निघाले, तर खजिनदारांचे आभार माना आणि पुढच्या बैठकीत, जिथं तुमचं पत्र वाचलं गेलं तिथंच, सगळ्यांसमोर सांगा: "मी विचारलं होतं, काकांनी दाखवलं, हिशेब बरोबर आहे." तेही इतिवृत्तात लिहून घ्या. त्याच बैठकीत असा ठराव मांडा की यापुढं रविवारचं अर्पण आणि सुगीच्या सणातल्या लिलावाची रोकड एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी तिथल्या तिथं मोजावी, दोघांनी सही करावी आणि पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत भरावी. मोजायला पहिल्या महिन्यात तुम्ही आणि खजिनदारकाका बसा.